लाईनखालची झाडी: तोडायची, छाटायची की दुसरं काही वाढू द्यायचं?

कोकणात जूनच्या पहिल्या वाऱ्याला फिडर (सबस्टेशनमधून गावांकडे निघणारी लाईन) ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की सबस्टेशनमधून पहिला प्रश्न येतो, "फांदी कुठं लागली?" इन्सुलेटर फुटलेला असू शकतो, जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) तुटलेला असू शकतो, पण संशय आधी झाडावरच जातो आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. हा लेख या कामात नव्याने आलेल्यांसाठी आहे: लाईनवर रुजू झालेले विद्युत सहाय्यक, छाटणीचं कंत्राट घेतलेले मुकादम आणि ग्रामपंचायतीत विजेचा विषय ज्यांच्या गळ्यात पडतो ते सदस्य. बोलणं मुख्यतः ११ आणि ३३ केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) उघड्या तारांबद्दल आहे. उदाहरणं रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली आहेत. देशावर किंवा विदर्भात झाडं बदलतील, पण काम याच क्रमाने करायचं.

कोणतीही पद्धत निवडताना एक प्रश्न सोडू नका: आज इथं कापलं, तर तीन पावसाळ्यांनंतर या जागी काय उभं असेल? छाटणीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्याच लाईन्स स्वच्छ दिसतात. त्या दिवसाच्या फोटोवरून पद्धत चांगली की वाईट ते ठरत नाही.

पायरी १: आधी तार पाहा, मग झाड

हातात कोयता घेण्याआधी अंतरं माहीत हवीत. वनजमिनीतून जाणाऱ्या लाईन्ससाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लाईनसाठीच्या पट्ट्याची रुंदी ठरलेली आहे: ११ केव्हीला ७ मीटर, ३३ केव्हीला १५ मीटर, १३२ ला २७ आणि २२० ला ३५ मीटर. तार आणि झाड यांच्यातलं किमान अंतर ११ केव्हीला २.६ मीटर, ३३ ला २.८, १३२ ला ४ आणि २२० ला ४.६ मीटर. खाजगी जमिनीतही डोळ्यासमोर हेच आकडे ठेवावेत.

आता थोडं गणित. रस्ता नसलेल्या जागी ११ केव्हीची उघडी तार जमिनीपासून किमान ४.६ मीटर उंच असायला हवी. त्यातून २.६ वजा केले की उरतात २ मीटर. म्हणजे गाळ्याच्या (दोन खांबांमधल्या भागाच्या) मधोमध, जिथं तार सर्वात खाली येते, तिथं माणसाच्या उंचीपेक्षा जरा मोठं झुडूपच चालेल. खांबाजवळ तार साडेसहा मीटरवर असेल तर तिथं साडेतीन मीटरचं झाडही बसतं. एकाच गाळ्यात खांबाशी एक नियम आणि मधोमध दुसरा, हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. मग तो सगळा पट्टा सरसकट भुईसपाट करतो.

दोन गोष्टी फसवतात. जानेवारीच्या सकाळी तार ताणलेली दिसते. एप्रिलच्या दुपारी, लोड चढलेला असताना तीच तार बरीच खाली उतरते. आणि वाऱ्यात मधला भाग आडवा झुलतो, त्यामुळे बाजूची फांदीही खालच्या फांदीइतकीच मोजायची. उलट, दोन डोंगरसोंडांमधून दरीवरून लाईन जात असेल तर खालची झाडं तारेपासून पंधरा-वीस मीटर दूर असू शकतात. तिथं पट्टा आखून झाडं तोडणं म्हणजे कष्ट फुकट आणि उतार उघडा. अंतर पुरेसं असेल तिथं हात लावू नये.

पायरी २: लाईन पायी फिरा

गाडीतून रस्त्याकडची बाजू दिसते, आतली नाही. वहीत खांब क्रमांकानुसार गाळा लिहा, झाडाचं नाव लिहा, तारेपासूनचं अंतर अंदाजे लिहा. नाव लिहिणं महत्त्वाचं, कारण पुढची सगळी निवड त्यावर आहे. "मोठं झाड" असं लिहिलेल्या नोंदीचा पुढच्या वर्षी काही उपयोग होत नाही.

फांदी तारेला लागून गेली आहे का, ते खालूनही कळतं. शेंड्याची पानं ठरावीक ठिकाणीच करपून तपकिरी झालेली असतात, जणू कुणी मेणबत्ती धरली. बाकी झाड हिरवंगार. कधी फांदीवर काळी खाच दिसते. रात्री वाऱ्यात फिडर ट्रिप होऊन पुन्हा चालू केल्यावर टिकतो, असा प्रकार चार वेळा झाला की अशी खाच नक्की शोधावी.

पट्ट्याबाहेरची झाडंही नोंदवा. वादळात लाईन पाडतं ते बहुतेकदा खालचं झुडूप नसतं, बाजूचं उंच झाड असतं. ११ केव्हीला मध्यरेषेपासून साडेतीन मीटर मोकळं ठेवलं तरी आठ मीटरवर उभी असलेली पंधरा मीटरची ऑस्ट्रेलियन बाभूळ कोसळली की तारेवरच येणार. झाड कोणत्या बाजूला कललंय, बुंध्याशी अळंबी आहे का, खोडात पोकळी आहे का, रस्ता रुंद करताना मुळं कापली गेली का, हे पाहा. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागांतल्या पोफळी आणि माड खांबांसकट आडवे झाले. तशा वाऱ्याला कुठलीच छाटणी पुरत नाही. पण दरवर्षीच्या साध्या वळवाला कोणती झाडं दगा देतील, हे डिसेंबरमध्येच वहीत यायला हवं.

पायरी ३: मालक आणि कागद

मालकाला न सांगता झाडावर चढू नका. कायदा हातात असला तरी हेच. वीज कायदा २००३च्या कलम ६८नुसार लाईनला अडथळा करणारं किंवा करू शकेल असं झाड काढण्यासाठी कंपनी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते, आणि झाड लाईनच्या आधीपासूनचं असेल तर मालकाला भरपाई मिळण्याची तरतूदही त्यातच आहे. गावकऱ्यांनी हा दुसरा भाग लक्षात ठेवावा. लाईन आधी की झाड आधी, यावर बरेच वाद मिटतात.

झाड पूर्ण तोडायचं असेल तर महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम १९६४ आडवा येतो. साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, चिंच, हिरडा, मोह ही झाडं अनुसूचीत आहेत आणि ती खाजगी जमिनीतली असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. खारफुटीही या यादीत आहे. नगरपालिका-महापालिका हद्दीत १९७५चा शहरी वृक्ष अधिनियम आहे, तिथं छाटणीआधीही वृक्ष प्राधिकरणाकडे विचारा. वनजमिनीत वनखात्याशिवाय पान हलवू नका.

देवराईतून लाईन जात असेल तर आधी गावकी, मग बाकी सगळं. अशा जागी उंच खांब किंवा केबल हाच मार्ग बहुतेक वेळा स्वस्त पडतो, कारण भांडणाचा खर्च अंदाजपत्रकात कुणी धरत नाही.

हापूसवाल्याशी बोलताना त्याचं वेळापत्रक समजून घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोहोराच्या काड्या कापल्या तर त्याचं वर्ष गेलं. फळ उतरल्यावर, मेच्या अखेरीस, तो स्वतःच छाटणीला तयार असतो. लाईनलाही मृगाआधीचाच मुहूर्त हवा असतो. ही जुळणी फोनवर होत नाही, बागेत जाऊन करावी लागते.

पायरी ४: लाईन मेली आहे, हे हाताने सिद्ध करा

इथं घाई नको. सबस्टेशनमधून लेखी परमिट घ्या, एबी स्वीच (खांबावरचा, लाईन तोडणारा स्वीच) उघडा, त्याला कुलूप लावा. मग निऑन टेस्टरने तपासा आणि कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड टाकून तिन्ही तारा अर्थला जोडा. "साहेबांनी फोनवर बंद केलं म्हणून सांगितलं" ही परवानगी नव्हे. एखाद्या घरचा जनरेटर किंवा चुकीचा जोडलेला इन्व्हर्टर खालून वीजदाब देतो, आणि तोच दाब ट्रान्सफॉर्मरमधून उलटा चढून ११ केव्ही होतो. फक्त डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) काढून समाधान मानू नका. वरून किंवा खालून दुसऱ्या फिडरची तार ओलांडत असेल तर तीही बंद आहे का, ते पाहा.

झाडावर चढण्याआधी वर नीट बघा. आंब्यावर ओंबील (तांबडी मुंगी) असते, तिची पानांची शिवलेली घरटी दिसली की चढणाऱ्याला सांगा. चावली की माणूस आधी हात सोडतो. आग्यामोहोळ असेल तर त्या दिवशी ते झाड सोडा. मार्च ते जून पक्ष्यांची घरटी असतात. पिल्लं असतील आणि फांदी अजून दूर असेल, तर दोन आठवडे थांबायला काय जातं?

पायरी ५: पद्धती, एकेक करून

*छाटणी.* सर्वात जास्त होते ती हीच, आणि सर्वात जास्त बिघडवली जाते तीही हीच. झाडाचा शेंडा सपाट उडवायचा, म्हणजे मुंडण, ही आपल्याकडची रूढ रीत. त्या कापलेल्या टोकाखालून पावसाळ्यात आठ-दहा धुमारे सरळ वर येतात, जुन्या फांदीपेक्षा वेगाने, आणि बुंध्याला नीट जोडलेले नसल्याने वाऱ्यात तेच मोडून तारेवर पडतात. बरी रीत अशी: तारेच्या दिशेने जाणारी फांदी जिथून फुटली तिथपर्यंत मागे जाऊन कापा आणि दूर जाणाऱ्या फांद्या ठेवा. झाड एका बाजूने उघडं दिसेल, पण वाढ तारेपासून दूर जाईल.

जाड फांदी तीन कापांत उतरवा. बुंध्यापासून फूटभर अंतरावर आधी खालून एक तृतीयांश खोल काप. मग त्याच्या थोडं पुढे वरून काप, म्हणजे फांदी साल न सोलता तुटेल. राहिलेलं थोटूक शेवटी काढा. फांदी खोडाला मिळते तिथं सालीची सुरकुतलेली कडी असते, ती शाबूत ठेवून तिच्या बाहेरच कापा. जखम त्या कडीतून भरते. कडीसकट सपाट कापलेलं झाड आतून कुजतं आणि काही वर्षांनी तेच धोक्याचं झाड होतं.

माडाला यातलं काही लागू नाही. त्याला वाढीचा एकच कोंब असतो, शेंडा कापला की झाड मेलं. फक्त सुकलेल्या आणि तारेकडच्या झावळ्या उतरवता येतात. गाळ्यात माड आलाच असेल तर मालकाला भरपाई देऊन काढा, नाहीतर लाईन हलवा.

*बुंध्यापासून तोड.* एकदाच काम, असं वाटतं. निलगिरीची किंवा ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं लाईनखाली उगवली असतील तर लहानपणीच उपटावीत, यात वाद नाही. पण ऐन, किंजळ, साग, गिरिपुष्प यांचा बुंधा कापला की खोडाभोवती धुमाऱ्यांचं झुडूप फुटतं. भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, दरवर्षी ऐनाचं कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडणाऱ्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवायला नको. एका खोडाच्या जागी सहा खोडं, पुढच्या वेळी छाटणीचं काम सहापट. तोडायचंच तर पहिली दोन वर्षं फूट कोवळी असतानाच मोडायला माणूस पाठवायची तयारी हवी. ती नसेल तर तोडू नका, छाटा.

*बांबू.* कोकणातल्या लाईन्सचा खरा शत्रू. नवा कोंब जून-जुलैत जमिनीतून निघतो आणि एकाच हंगामात पूर्ण उंची गाठतो. मेमध्ये स्वच्छ असलेला गाळा ऑगस्टमध्ये बंद पडतो तो यामुळे. मधूनच कापलेली काठी पुन्हा उंच होत नाही, म्हणून लोक डोक्याएवढ्या उंचीवर कापून मोकळे होतात. तसं केल्याने बेटात भाल्यासारखी टोकं राहतात आणि पुढच्या वर्षी आत शिरता येत नाही. तारेकडच्या बाजूच्या जून काठ्या पावसाळ्यानंतर जमिनीलगत काढा, मालकाला विकू द्या. पावसाळ्यात त्या बाजूचे कोंब निघताक्षणी मोडा. भाजी होते, कुणी नको म्हणत नाही. दोन-तीन वर्षांत बेट दुसऱ्या अंगाला सरकतं.

*यंत्र.* ब्रश कटरने करवंदीच्या जाळ्या आणि रान झटपट साफ होतं. अंगठ्यापेक्षा जाड खोडं त्याने कापायला जाऊ नका. जेसीबीबद्दल माझं मत सरळ आहे: उतारावर नकोच. वरची माती सरकली की पहिल्याच पावसात ओहोळ पडतो, खांबाचा पाया उघडा होतो, आणि मोकळ्या जमिनीवर रानमोडी आणि घाणेरी ही तणं सगळ्यांआधी हजर होतात.

*तणनाशक.* परदेशात हे मोठ्या प्रमाणावर चालतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १९५३ पासून एका २३० केव्ही लाईनखाली याचा अभ्यास चालू झाला, तोही शिकाऱ्यांच्या तक्रारीवरून, की फवारणीने प्राण्यांचा आसरा जातो. तिथं दिसलं ते असं: उंच होणारी झाडंच निवडून मारली आणि झुडुपं राखली, तर ती दाट झुडुपंच नव्या झाडांना वर येऊ देत नाहीत. त्यातून तारेखाली गवत आणि बुटकी झाडी, कडेला झुडुपं, अशी दोन पट्ट्यांची रीत निघाली.

यातली कल्पना घ्यावी, फवारा तिथंच राहू द्यावा. आपल्याकडे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पट्ट्याखाली पऱ्या (ओढा) असतो आणि पऱ्याखाली गावाची विहीर. शिवाय २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध आणले, ते कुणीही उठून मारायचं औषध राहिलेलं नाही.

*शेळ्या.* ऐकायला गंमत वाटते, पण कोवळी फूट मोडण्याचं काम त्या चोख करतात. मात्र रानमोडीला आणि घाणेरीला तोंड लावत नाहीत, घाणेरी तर विषारीच. त्यामुळे तोडीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत, ऐन-किंजळीच्या फुटव्यावर, गावातला कळप फिरू द्यावा. शेजारी काजूची नवी लागवड असेल तर आधी त्या मालकाला विचारा.

*बुटकी झाडी लावणं.* मला सर्वात पटलेली आणि सर्वात कमी वापरली जाणारी पद्धत. मोकळी जमीन मोकळी राहत नाही, म्हणून आपल्याला चालेल तेच तिथं आधी बसवायचं. करवंद, अडुळसा ही दोन-तीन मीटरच्या आसपास थांबतात. गाळ्याच्या मधोमध वर्षाआड एक हात फिरवला की भागतं. अडुळशाला जनावर खात नाही, त्यामुळे कुंपण लागत नाही. खांबाजवळच्या उंच भागात निर्गुडी किंवा लिंबू चालेल. मालक तयार असेल तर हळद, अननस किंवा नाचणी सर्वात उत्तम, कारण मग पट्टा तोच राखतो. काजू लावू नका. पहिली चार वर्षं बुटका दिसतो, नंतर हाताबाहेर जातो.

*तारच बदलणं.* लघुदाबाला (घरांना जाणाऱ्या लाईनला) एबी केबल, म्हणजे आवरणाच्या तारांची पिळलेली जुडी, आता सगळ्यांच्या परिचयाची आहे. ११ केव्हीलाही आवरणाची तार मिळते. फांदी क्षणभर टेकली तरी फिडर जात नाही. पण आवरण म्हणजे हात लावायची सोय नव्हे, आणि पडणाऱ्या झाडाचं वजन तीही पेलत नाही. भूमिगत केबल झाडांच्या त्रासातून सोडवते. अलिबागसारख्या किनारी शहरात ती टाकली गेली आहे, तिथं घरं दाट आहेत आणि वादळाचा धोका कायमचा आहे. वाडीवस्तीवर जांभ्या दगडात चर खणून दहा घरांसाठी केबल न्यायची, तर हिशोब बसत नाही, आणि दोष आला तर शोधायला दिवस जातात.

पायरी ६: गाळ्यागाळ्याने ठरवा

वर लिहिलेली वही आता उघडा. सगळ्या फिडरला एक पद्धत लावण्याचा मोह होतो, कारण निविदा तशीच सोपी पडते. ते टाळा. फळबागेत दिशा धरून छाटणी. माळावर, पडीक जमिनीत तोड, आणि लगेच बुटकी झाडी. बांबूचं बेट असेल तर वर्षातून दोनदा माणूस. दरीवर काहीच नाही. देवराईत, शाळेजवळ, बाजारात तार बदलण्याचा प्रस्ताव. पट्ट्याबाहेरचं कललेलं झाड असेल तर बाकी सगळं सोडून आधी ते.

छाटलेल्या फांद्यांवर मालकाचा हक्क असतो. त्या पऱ्यात ढकलू नका, गटार तुंबतं. लाईनखाली ढीग करून तर मुळीच ठेवू नका: मार्चमध्ये वणवा आला की तो ढीग पेटतो, आणि धूर-ज्वाळांमधून तारांमध्ये ठिणगी उडते. जानेवारी-फेब्रुवारीत कापत असाल तर शेजारच्या शेतकऱ्यांना आधी सांगा. भाजावळीला पाला-फांद्या हव्याच असतात, ते स्वतः उचलून नेतात आणि तुमचा वाहतुकीचा खर्च वाचतो.

पायरी ७: दोन फेऱ्या आणि एक तपासणी

मोठी फेरी फेब्रुवारी ते मे, तीत आंबा शेवटी. दुसरी, हलकी फेरी पाऊस ओसरल्यावर: बांबू, ताणावर (खांबाला धरून ठेवणाऱ्या तिरप्या तारेवर) चढलेल्या वेली, नवे धुमारे. वेल ताणाच्या तारेवरून खांबावर आणि तिथून इन्सुलेटरपर्यंत जाते. ती मुळाशी कापा, वरचा सुकलेला भाग परमिट असेल त्या दिवशीच उतरवा.

या दोन्हींच्या मध्ये, ऑगस्टमध्ये, एकदा नुसतं फिरून या. कापायचं काही नाही, फक्त पाहायचं. मुंडण केलेल्या झाडाला किती फूट आली, दिशा धरून छाटलेल्याला किती, अडुळसा लावलेल्या पट्ट्यात काय उगवलंय, हे त्याच वहीत जुन्या नोंदीशेजारी लिहा. पुढच्या वर्षीचं कंत्राट काढताना शाखा अभियंत्यासमोर ती पानं ठेवा.